मंडईची कामे गावातल्या सगळ्या हातांना कशी द्यावीत

भाऊबीज सरली की वैनगंगेच्या दोन्ही काठांवर मंडयांचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचा, हंगाम सुरू होतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या झाडीपट्टीत शेजारच्या गावांच्या मंडया शक्यतो वेगवेगळ्या दिवशी ठेवतात, म्हणजे एका गावच्या पाहुण्यांना दुसऱ्या गावीही जाता येते. दिवसा आखरावर, म्हणजे गावाजवळच्या मोकळ्या मैदानावर, दुकाने लागतात, दंडार किंवा खडी गंमत ही लोककला सादर होते, सोयरिकीच्या गोष्टी निघतात आणि रात्री नाटक रंगते. या एका दिवसासाठी गाव घरटी वर्गणी काढते. ती गोळा करणाऱ्या आणि खर्च करणाऱ्या मंडळात मी बरीच वर्षे काम केले आहे आणि त्या अनुभवावरून एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. मंडईचा खर्च म्हणजे गावातल्या माणसांची रोजी आहे, आणि ती कोणाला मिळणार हे मंडळाने आधी, सर्वांसमक्ष आणि वहीत लिहून ठरवले पाहिजे. तसे ठरवले नाही, तर ती दरवर्षी त्याच चार घरी जाते किंवा थेट गावाबाहेर जाते.

आमच्याकडे एका वर्षी मंडप तालुक्याच्या गावाहून आला आणि त्याच्यासोबत तो उभारणारी आठ पोरेही आली. स्वयंपाकी शेजारच्या गावचा होता. वाहनतळ सांभाळणारे मंडळातल्याच एकाचे भाचे होते. टोलीवरच्या, म्हणजे गावाच्या कडेच्या वस्तीवरच्या, माणसांनी वर्गणी दिली होती, आणि धानाची कापणी आटोपल्याने त्या दोन-तीन दिवसांत त्यांच्या हाताला काम नव्हते. ती माणसे धुऱ्यावर बसून मंडप उभा होताना पाहत होती. ते दृश्य मला त्या दिवशी खटकले नाही, कारण मी मंडपवाल्याला चहा नेण्याच्या घाईत होतो. रात्री हिशेब लिहायला बसलो, तेव्हा मजुरीच्या रकान्यात आमच्या गावातली फक्त दोन नावे निघाली.

वर्गणीच्या आधी कामांची यादी

पहिली बैठक दसऱ्याच्या सुमारास घ्यावी आणि ती सर्व मोहल्ल्यांतल्या माणसांना संकोच न वाटता येता येईल अशा जागी घ्यावी. आमचा अनुभव असा आहे की देवळाच्या सभामंडपात बोलावले की काही घरे येत नाहीत आणि एखाद्या वाड्यात बोलावले की त्याहून कमी येतात. शाळेच्या व्हरांड्यात मात्र सगळे येतात. वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवावी, कारण तो कापणीचा हंगाम असतो आणि मजुरी करणारी माणसे दिवस मावळल्याशिवाय घरी येत नाहीत. बायकांचा स्वयंपाक त्याच वेळी असतो, म्हणून त्यांच्यासाठी बचत गटाच्या नेहमीच्या बैठकीत वेगळा वेळ मागून घ्यावा आणि तिथे ठरलेले मुद्दे मोठ्या बैठकीत वाचून दाखवावेत.

जागा, पाणी आणि दिवाबत्ती ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तेवढे विषय ग्रामसभेत मांडावेत. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अशी आहे. म्हणजे लहान गावातसुद्धा बऱ्यापैकी माणसे जमवावी लागतात. बाकीचा कारभार मंडळाने स्वतःच्या वहीत ठेवावा.

मग यादी करायला आखरावर जावे. बैठकीत बसून केलेली यादी नेहमी अपुरी राहते. पाच माणसांनी, त्यांत किमान दोन बायका असाव्यात, सकाळी आखराला एक फेरी मारावी आणि जिथे जे काम दिसेल ते तिथेच टिपावे. गाजरगवत उपटणे, बैलबंड्यांच्या चाकोऱ्या बुजवणे, नाटकासाठी प्रेक्षक बसतात त्या जागेचा उतार नीट करणे, बांबू तोडून आणणे, दुकानांच्या जागा चुन्याने आखणे, पाण्याच्या टाक्या भरणे, पत्रावळी लावणे, भाजी चिरणे, वाढणे, भांडी घासणे, गाड्या लावून घेणे, रात्रभर राखण करणे, तिकिटे फाडणे, हिशेब लिहिणे, माईकवरून सूचना देणे, दुसऱ्या दिवशी सगळा कचरा उचलणे आणि अशीच इतर कामे: आमची पहिली यादी अशी झाली तेव्हा तीत 26 कामे निघाली, आणि त्याआधीची कित्येक वर्षे आम्ही फक्त मंडप, माईक, जेवण आणि नाटक एवढ्याच चार ओळी लिहीत होतो.

प्रत्येक कामापुढे किती हात लागतील, किती तास लागतील, ते बसून होते की उभ्याने, लिहिता-वाचता येणे गरजेचे आहे की नाही आणि रोजी किती, हे लिहावे. बसून की उभ्याने, हा रकाना फार महत्त्वाचा आहे आणि त्याचे कारण पुढे येईल.

साहित्य बाहेरचे, हात गावचे

सगळेच गावात मिळते असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मोठ्या मंडपाचे पाइप, पडदे, जनरेटर आणि ध्वनियंत्रणा बिछायत केंद्रातूनच आणावी लागते. मात्र बिछायतवाल्याशी बोलणी करतानाच साहित्याचे भाडे आणि उभारणीची मजुरी हे दोन आकडे वेगळे मागावेत. तो आधी एकच उक्ता आकडा सांगतो. फोड मागितली की उभारणी, उतरवणी आणि चढ-उतार यांची मजुरी किती आहे हे कळते. समजा, मंडपाचे 40,000 रुपये सांगितले आणि त्यांत 12,000 मजुरीचे निघाले, तर त्याला म्हणावे की तुझा एक जाणता मिस्त्री पाठव आणि बाकीचे सात गडी आमचे घे. बहुतेक बिछायतवाले याला तयार होतात, कारण त्यांचीही ने-आण आणि जेवणाची सोय वाचते. तुटफूट झाल्यास जबाबदारी कोणाची, हे मात्र त्याच कागदावर लिहून घ्यावे, नाहीतर शेवटी एक वाकलेला पाइप गावच्या पोराच्या रोजीतून कापला जातो.

पत्रावळीचे उदाहरण तर आमच्या डोळ्यांसमोरच होते. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि पळस तर झाडीपट्टीत बांधाबांधावर आहे. टोलीवरच्या म्हाताऱ्या बायांना पत्रावळी लावता येते, हे आम्हाला माहीत असूनही आम्ही तालुक्याहून कागदी ताटे आणत होतो. आता दिवाळीच्या तीन आठवडे आधी त्यांना नगाप्रमाणे काम दिले जाते. मी एकदा त्यांच्यापैकी एका आजीजवळ बसलो होतो. तिची नजर अधू झाली आहे. तरी ती पान हातात घेऊन अंगठ्याने त्याचा देठ चाचपते, त्यावर दुसरे पान चढवते आणि बांबूची बारीक काडी दोन टाके घालून मोडते, असे सहा-सात वेळा केले की पत्रावळ गोल होते, आणि ती वरचेवर उजेडाकडे धरून फट राहिली का हे नातीला विचारते. वर्षभर घरात बसून असलेल्या त्या आजीला त्या तीन आठवड्यांत स्वतःच्या कमाईचे पैसे मिळतात. पानांचे गठ्ठे सावलीत, हवेशीर जागी वाळवावेत, आणि शंभराचे गठ्ठे करून दाबून ठेवावेत. ओले गठ्ठे बांधले तर बुरशी धरते आणि सगळा माल वाया जातो.

दंडारीच्या मंडळींनाही याच न्यायाने पाहावे. ते गावचेच कलावंत असतात, म्हणून त्यांना नारळ आणि टोपी देऊन मोकळे करण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि बाहेरून आलेल्या पथकाला मात्र ठरलेली बिदागी आगाऊ पोचते. झाडीपट्टी रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा याच मातीतल्या कलेचा देशाने गौरव केला. ज्या कलेचा आपल्याला असा अभिमान आहे, ती आपल्या आखरावर फुकट मागू नये.

जे काम मागायला येत नाहीत, त्यांच्याकडे कसे जावे

व्हॉट्सॲपच्या गटावर एक संदेश टाकला की सर्वांना कळवले, असे समजण्याची चूक आम्ही केली आहे. ज्यांना कामाची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्याकडे बहुधा स्मार्ट फोन नसतो किंवा घरातला फोन पोराच्या हातात असतो. म्हणून कोतवालामार्फत दवंडी द्यावी, कामांची यादी मोठ्या अक्षरांत शाळेच्या, रेशन दुकानाच्या आणि समाजमंदिराच्या भिंतीवर लावावी, आणि याशिवाय मंडळातल्या दोघांनी प्रत्येक टोलीवर संध्याकाळी स्वतः जाऊन यादी वाचून दाखवावी. तेलंगणात मिरची तोडायला जाणारी कुटुंबे दिवाळीला गावातच असतात. ती नंतर निघून जातात, त्यामुळे त्यांची नावे पहिल्याच फेरीत लिहून घ्यावीत.

जातीचा प्रश्न इथे टाळून चालत नाही. गावकीच्या कामांत कोणी झाडायचे, कोणी वाजवायचे आणि कोणी राबायचे हे जन्माने ठरलेले होते आणि त्याला मोबदलाही धड नव्हता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्या काळात विदर्भातल्या अनेक गावांत लोकांनी ही कामे स्वाभिमानाने सोडली. आज मंडळाचा माणूस जर बौद्ध मोहल्ल्यात जाऊन फक्त झाडलोटीसाठी दोन माणसे मागत असेल, तर तो रोजगार देत नाही, जुना अपमान परत घेऊन जातो. यासाठी नियम सोपा आहे: यादी प्रत्येक मोहल्ल्यात पूर्ण वाचावी, कोणतेही काम कोणालाही मागता यावे, आणि झाडलोट व भांडी या कामांची पाळी सगळ्या मोहल्ल्यांत चिठ्ठ्या टाकून फिरती ठेवावी. स्वयंपाक आणि वाढणे या कामांत सर्व समाजांचे हात असावेत, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोलावे. आमच्याकडे यावर कुजबुज झाली. एका घराने जेवायला येणार नाही असे सांगितले, आणि मंडळाने त्यांना नम्रपणे उत्तर दिले की निर्णय बदलणार नाही. पुढच्या वर्षी ते घर पंगतीत बसले. याच विदर्भात गाडगेबाबांनी स्वतः हातात खराटा धरला आणि ऋणमोचनच्या यात्रेत अन्नदान सुरू केले, हे आठवले की बोलणाऱ्याला बळ येते.

एकल बायांच्या बाबतीत अडचण वेगळी असते. नवरा गेलेल्या किंवा माहेरी परतलेल्या बाईला चारचौघांत जाऊन काम मागणे जड जाते, आणि मंगल कार्यात तिला पुढे येऊ देऊ नये अशी जुनी समजूत काही घरांत अजून आहे. उमेद या सरकारी अभियानाच्या बचत गटांतल्या बायांना अशी घरे नावानिशी ठाऊक असतात. त्यांनी निरोप पोचवला तर तो मान ठेवून पोचतो. वाढण्याच्या रांगेत आणि तिकिटाच्या मेजावर या बाया उभ्या असणे मला फार मोलाचे वाटते, कारण सगळे गाव त्यांना तिथे पाहते.

दिव्यांगांना काय जमेल, हे आपण ठरवू नये. त्यांना यादी वाचून दाखवावी आणि विचारावे. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत, आणि पाय अधू असणाऱ्याची गरज ऐकू न येणाऱ्याच्या गरजेहून अगदी वेगळी असते. बसून होणाऱ्या कामांचा रकाना इथे उपयोगी पडतो. आमच्या वाहनतळावर ऐकू न येणारा एक तरुण तीन वर्षे काम करतो आहे. त्याच्यासाठी आम्ही दोन भागांची चिठ्ठी छापून घेतली: एक भाग गाडीच्या हँडलला, दुसरा मालकाच्या हातात, दोन्हींवर एकच मोठा आकडा, आणि प्रत्येक रांगेची चिठ्ठी वेगळ्या रंगाची. गाडी परत मागताना बोलावेच लागत नाही. या पद्धतीमुळे गाड्यांची अदलाबदल थांबली, आणि आता दुसऱ्या मोहल्ल्यातली पोरेही तीच चिठ्ठी वापरतात. रंगमंचाला आणि जेवणाच्या जागेला उताराचा रस्ता करून घ्यावा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात, त्यामुळे त्या निधीतून काय करता येईल हे ग्रामसभेत अवश्य विचारावे.

निवड आणि रोजी

नावे वहीत आली की एका घराला पहिल्या फेरीत एकच काम, हा नियम लावावा. जिथे हातांपेक्षा नावे जास्त असतील तिथे लहान मुलाच्या हाताने, सर्वांसमोर चिठ्ठ्या काढाव्यात. कसब लागणाऱ्या कामांना चिठ्ठी चालत नाही. विजेच्या जोडणीचे काम परवानाधारक वायरमननेच करावे आणि महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी, यात कोणाचीही भीड ठेवू नये. मात्र त्याच्या हाताखाली शिकायला गावातली दोन पोरे द्यावीत. मंडळाच्या सदस्यांनी आपल्या घरातली नावे स्वतः मांडू नयेत; ती आली तर बाकीच्यांनी ठरवावे, आणि त्या वेळी संबंधित सदस्याने उठून बाहेर जावे. हे शेवटचे कठोर वाटेल, पण भाच्यांचा प्रकार त्यानेच थांबला.

रोजीचा दर यादीसोबतच भिंतीवर लावावा. शासनाने ठरवलेल्या किमान वेतनाचा चालू दर पाहून घ्यावा आणि त्याखाली जाऊ नये, शिवाय त्या हंगामात कापणीला जी रोजी चालू असेल तिच्याहून कमी देऊ नये, नाहीतर माणसे शेतावर जातील आणि तेच बरोबर असेल. पुरुषाला जास्त आणि बाईला कमी, हा रिवाज सर्वांत चिवट आहे. आमच्या जुन्या हिशेबात कढईत सराटा फिरवणाऱ्याला 600 रुपये आणि पहाटे चारपासून वांगी चिरणाऱ्या, पीठ मळणाऱ्या बायांना 250 रुपये लिहिलेले आहेत. त्या बाया आचाऱ्याच्या दोन तास आधी येत होत्या आणि त्याच्या तीन तास नंतर भांडी घासून जात होत्या. समान कामाला समान वेतन हे तत्त्व देशाच्या कायद्यात 1976 मध्येच आले आहे. काम वेगळे आहे अशी पळवाट कोणी काढली, तर तास मोजून दाखवावेत. आता आम्ही स्वयंपाकाची सगळी रोजी तासांवर देतो. भोजनाचे काम गटाला दिले असेल तर त्या गटाची अन्न व्यवसायाची नोंदणी करून घ्यावी. शुल्क किरकोळ आहे आणि तीच नोंदणी त्यांना पुढे लग्नाच्या जेवणाची कामे घेताना कामी येते.

पाणी वाटायला आणि कप उचलायला शाळकरी पोरे लावण्याची सवय मोडावी. 1986 च्या कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाल्यापासून 14 वर्षांखालील मुलाला कामाला लावण्यास सर्वत्र बंदी आहे, आणि मंडई हा त्या मुलांचाही सण आहे. ज्या बाया कामावर येतील त्यांच्या तान्ह्या मुलांसाठी शाळेची एक खोली उघडून तिथे दोन आज्यांना रोजीवर बसवावे. एवढ्या एका सोयीमुळे आमच्याकडे काम मागणाऱ्या तरुण बायांची नावे वाढली.

मंडईच्या दिवशी

हजेरीपट सकाळीच भरावा आणि त्यावर सही किंवा अंगठा घ्यावा. कामावरच्या बायांसाठी स्वच्छतागृह आखराजवळ आणि उजेडात हवे. रात्री राखणीला असणाऱ्यांना जोडीने ठेवावे आणि शेकोटीसाठी लाकूड द्यावे, कारण कार्तिकातली थंडी उघड्यावर सोसत नाही. 18 ते 70 वर्षे वयाच्या आणि बँक किंवा टपाल खाते असलेल्या प्रत्येकाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. ज्यांचा हा विमा नाही त्यांचा मंडईच्या आधी काढून घ्यावा आणि तो हप्ता मंडळाने भरावा.

ध्वनिक्षेपकावर रात्री 10 ते सकाळी 6 निर्बंध आहेत, म्हणून नाटकाच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात पुष्कळ आधी जावे. गर्दीच्या बाबतीत विदर्भाने फार मोठे दुःख पाहिले आहे: 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपूरला मोर्चातल्या चेंगराचेंगरीत 114 गोवारी बांधवांचा जीव गेला, आणि झाडीपट्टीतल्या कितीतरी गावांत त्यांची घरे आहेत. मंडपाला किमान तीन बाजूंनी मोकळ्या वाटा ठेवाव्यात आणि प्रत्येक वाटेवर रोजीवरचा, शिट्टी आणि बॅटरी दिलेला माणूस उभा करावा. हे काम फुकटच्या स्वयंसेवकांवर सोडू नये, कारण नाटक रंगात आले की स्वयंसेवक आत जाऊन बसतात.

शेवटची संध्याकाळ

रोजी मंडप उतरण्याच्या आधी, त्याच आखरावर, मोजून द्यावी. ज्याचे काम त्याच्याच हातात किंवा त्याच्याच खात्यात पैसे जावेत. बाईची रोजी नवऱ्याकडे आणि दिव्यांगाची भावाकडे देऊ नये, मग त्याने कितीही ओळख सांगितली तरी. दुकानदारांचे आणि बिछायतवाल्याचे देणे चार दिवस थांबू शकते, पण रोजंदाराचे थांबू शकत नाही.

तीन दिवसांच्या आत हिशेब भिंतीवर लावावा आणि त्यात एक जादा रकाना ठेवावा: एकूण खर्चापैकी गावात किती राहिले. आमच्याकडे तो आकडा पहिल्या वर्षी लिहिला तेव्हा लोक त्याच्यासमोर थांबून वाचत होते आणि वर्गणी न दिलेल्या दोन घरांनी त्यानंतर आपणहून ती आणून दिली. कोणी कोणते काम चांगले केले, याची टीप त्याच वहीत ठेवावी; लग्नसराईत बिछायतवाले आणि घरमालक गडी शोधत येतात तेव्हा त्यांना ती यादी द्यावी, म्हणजे एका दिवसाचे काम पुढे वर्षभर मिळत राहते. वही दरवर्षी वेगळ्या मोहल्ल्यातल्या माणसाकडे सांभाळायला द्यावी, आणि चिठ्ठीत ज्यांचा नंबर लागला नाही त्यांची नावे तांबड्या शाईने शेवटच्या पानावर उतरवून ठेवावीत. पुढच्या दसऱ्याला बैठक बसेल तेव्हा वाचन त्याच पानापासून सुरू करावे.